वाकलेल्या वाटेचा पुरावा

नागपूर, १९१०चा हिवाळा

सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर तुम्ही उभे आहात. दवानं धूळ खाली बसली आहे आणि दुरून एम्प्रेस मिलचा भोंगा ऐकू येतोय. नागपूर म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी, त्यामुळे इथे कचेऱ्यांना आणि कारकुनांना तोटा नाही. समोरून येणारा फेटेवाला तरुणही एका कचेरीतच निघालाय. वय बावीस, नोकरी सरकारच्या वित्त खात्यात, त्याआधी मुक्काम रंगूनला. दिवसा जमाखर्च तपासायचा आणि घरी परतल्यावर ध्वनी आणि कंपनांच्या मागे लागायचं, हा त्याचा शिरस्ता. चंद्रशेखर वेंकट रामन त्याचं नाव. पुढच्या वर्षी तो बदलीवर पुन्हा कलकत्त्याला जाईल. गांधीसागराजवळ त्याच्या नावाचं विज्ञान केंद्र उघडायला मात्र १९९२ उजाडावं लागेल.

त्याला अडवू नका. या प्रवासात तुम्हाला बोलायची मुभा नाही, पाहायची तेवढी आहे. आणि पाहायला निघालात ती गोष्ट डोळ्यांना दिसणारी नाही. विद्युतक्षेत्राचं, चुंबकीय क्षेत्राचं नाव घेता येतं, त्यावर बोट ठेवता येत नाही. तिथे कुणाला तरी पाठवावं लागतं आणि तो कुठल्या बाजूला ढकलला गेला, हे बाहेर थांबून बघावं लागतं.

ही युक्ती रामन नागपुरात असताना नवीच आहे. तेरा वर्षं मागे सरका. केंब्रिजमध्ये १८९७ साली जे. जे. थॉमसन एका काचेच्या नळीवर वाकले आहेत. नळीतून जाणारा किरण दोन धातूच्या पट्ट्यांमधून सुटतो आणि टोकाला हिरवट ठिपका उमटवतो. तिथे काचेवर मोजपट्टी चिकटवली आहे. पट्ट्यांना बॅटरी जोडली की ठिपका सरकतो. हाइनरिश हर्ट्‌झ यांना याच प्रयोगात ठिपका हललेला दिसला नव्हता, कारण त्यांच्या नळीत वायू जास्त उरला होता. त्या वायूतच मोकळे भार तयार झाले आणि त्यांनी पट्ट्यांचं क्षेत्र झाकून टाकलं. थॉमसननी नळी अधिक रिकामी केली, ठिपका हलला आणि जगाला इलेक्ट्रॉन सापडला. हर्ट्‌झना फसवणारा तो भारित वायू लक्षात असू द्या. पुढची सगळी कथा त्याच्याच पोटात घडणार आहे.

आता पुन्हा १९१०च्या हिवाळ्यात या, फक्त नागपूरऐवजी मँचेस्टरला. अर्नेस्ट रुदरफोर्ड सोन्याच्या पातळ वर्खावर आदळून उलटे फिरलेल्या अल्फा कणांचा हिशेब लावताहेत. हजारोंतला एखादाच कण असा फिरतो, पण त्या एखाद्याच्या वळणातून अणूच्या मध्यभागी असलेलं विलक्षण तीव्र क्षेत्र त्यांना उमगलंय. त्यांचा निबंध मे १९११ मध्ये छापून येईल. क्षेत्र पाहिलेलं नाही, वाकलेली वाट पाहिली आहे. एवढ्या पुराव्यावर अणूला केंद्रक मिळतं.

कलकत्ता, १९२८

बऊबाजार स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळेत २८ फेब्रुवारीला रामन तुम्हाला पुन्हा भेटतात. आता त्यांच्या हाती प्रकाश आहे. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाशेजारी नवा, थोडा कमी ऊर्जेचा रंग दिसतो. प्रकाशानं रेणूला थरथर दिली आणि तेवढी ऊर्जा गमावली, असा त्याचा अर्थ.

त्याच सुमारास अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर भारित वायूंचा अभ्यास करताहेत. अणूंपासून सुटलेले इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेले धन आयन यांच्या त्या मिश्रणाला प्लाझ्मा हे नाव त्यांनीच दिलं. त्यातले इलेक्ट्रॉन जागचे हलवले तर जड आयन त्यांना मागे ओढतात. इलेक्ट्रॉन परत येतात, पण वेगामुळे जागा ओलांडून पुढे जातात, पुन्हा ओढले जातात. असा सामूहिक झोका सुरू होतो. रामन यांचा प्रकाश आणि लँगम्यूर यांचा झोका यांची गाठ पडायला अजून अर्धं शतक आहे.

लॉस एंजेलिस, १९७९ ते १९८१

कॅलिफोर्निया विद्यापीठात तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी १९७९ साली एक छोटा निबंध छापला आहे. लेझरचा अत्यंत आखूड स्पंद प्लाझ्मातून सोडला तर तो इलेक्ट्रॉनांना बाजूला सारत जाईल. आयन इलेक्ट्रॉनापेक्षा हजारो पटींनी जड, ते जागेवरच राहतील. स्पंदाच्या मागे झोक्यांची रांग लागेल आणि ही लहर जवळपास प्रकाशाच्या वेगानं धावेल. या लहरीत योग्य जागी सापडलेला इलेक्ट्रॉन तिच्याबरोबर पळत पळत प्रचंड ऊर्जा मिळवेल.

आकडे ऐका. एका घन सेंटीमीटरमध्ये एकावर अठरा शून्यं एवढे इलेक्ट्रॉन असतील, तर लहरीची लांबी सुमारे ३३ मायक्रोमीटर भरते आणि तिच्यातलं क्षेत्र मीटरमागे जवळपास १०० अब्ज व्होल्टपर्यंत चढू शकतं. धातूच्या पोकळ्यांतून रेडिओलहरींनी कण पळवणाऱ्या नेहमीच्या यंत्रांत हा आकडा मीटरमागे काही कोटी व्होल्टच्या घरात असतो. त्यापुढे धातूतच ठिणग्या पडू लागतात. प्लाझ्माला ती भीती नाही, कारण तो मोडायचा तेवढा आधीच मोडलेला आहे.

याच विद्यापीठात आता एक मराठी माणूस रुजू झालाय. चंद्रशेखर जनार्दन जोशी, जन्म १९५३चा, वाईचा. हल विद्यापीठातून १९७८ साली डॉक्टरेट, मग कॅनडा, मग इथे. सहकारी त्यांना चॅन म्हणतात. ताजिमा, डॉसन आणि इतर दोघांबरोबर त्यांचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध होतो आणि त्याच्या शीर्षकातच रामन आहेत. प्लाझ्मातून जाणारा लेझर पुढच्या दिशेला रामन पद्धतीनं विखुरतो, इलेक्ट्रॉनांच्या झोक्याला ऊर्जा देतो, झोका वाढला की विखुरणंही वाढतं, आणि त्या रेट्यातून इलेक्ट्रॉन वेगानं बाहेर पडतात. कार्बन डायऑक्साइड लेझरच्या प्रयोगात दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर गेलेले इलेक्ट्रॉन त्यांना दिसले आहेत. सिव्हिल लाइन्समधला तो तरुण इथे असा येऊन पोचलाय.

नागपूर, १९८७

रविवारची सकाळ. महालातल्या एका वाड्यात निम्मी आळी एका खोलीत दाटीवाटीनं बसली आहे, कारण ‘रामायण’ सुरू आहे. दाराशी चपलांचा ढीग. टीव्ही कृष्णधवल, आणि त्याला खेटून बसलेल्या पोराच्या मुठीत जुन्या स्पीकरमधून काढलेला लोहचुंबक. तो हळूच पडद्याला टेकवतो. चित्र एका बाजूला ओढलं जातं.

“कायले तो लोहचुंबक लावून राहिला रे? राम-लक्ष्मण वाकडे करून टाकले तुनं!” आजी ओरडते.

तुम्ही मात्र त्या वाकडेपणाकडे नीट पाहा. पडद्यामागच्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत प्रकाशाच्या वेगाच्या साधारण पाव वेगानं येतोय. नळीच्या मानेवरची वेटोळी त्याला ठरल्याबरहुकूम फिरवतात, सेकंदाला १५,६२५ रेघा मारायला लावतात आणि त्यातून चित्र उमटतं. क्षेत्र माहीत असलं की ठिपका कुठे पडेल हे सांगता येतं. पोरानं हिशेब उलटा केलाय. ठिपके कुठे पडायला हवे होते हे आजीला ठाऊक आहे, कुठे पडले ते दिसतंय. त्या फरकावरून, पोराच्या हाताकडे न बघतासुद्धा, चुंबक कुठल्या कोपऱ्याला आहे हे ती सांगू शकेल. थॉमसनची नळी नव्वद वर्षांत महालात पोचली आहे आणि पोरानं तिच्याकडून चुंबकाचं क्षेत्र वाचून घेतलंय.

अशी नळी त्या लेझरच्या लहरीसमोर धरता येईल का? आज नाही. लहरीचा एक झोका सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्याही नवव्या-दहाव्या हिश्श्यात, म्हणजे सुमारे ११० फेमटोसेकंदांत पुरा होतो. टीव्हीचा झोत एक रेघ ओढेपर्यंत तसे कोट्यवधी झोके होऊन गेलेले असतील.

ऑक्सफर्डशायर, १९९५

रुदरफोर्ड ॲपल्टन प्रयोगशाळेत व्हल्कन नावाच्या लेझरचा स्पंद हेलियमच्या फवाऱ्यात घुसतो. एवढा ताकदवान स्पंद शक्य झाला तो डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांच्या १९८५ सालच्या युक्तीमुळे. स्पंद आधी लांबवायचा, मग त्याची ऊर्जा वाढवायची, शेवटी पुन्हा दाबून आखूड करायचा. या कामाचं नोबेल त्यांना २०१८ साली मिळेल.

दोन वर्षांपूर्वीच लॉस एंजेलिसमध्ये जोशींच्या गटानं लहरीचा एक थेट दाखला मिळवलाय. २१ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन त्यांनी लहरीच्या पाठोपाठ सोडले आणि ते ९१ लाखांचे होऊन बाहेर आले, तेही सेंटीमीटरभर अंतरात. ते इलेक्ट्रॉन लहरीच्या दिशेनंच गेले, म्हणून त्यांनी एकूण कमाई सांगितली. लहरीचा आकार कसा होता, हे त्यांना विचारून उपयोग नव्हता.

इथे, ऑक्सफर्डशायरमध्ये, लहर इतकी उंच चढते की मोडते आणि ४ कोटी ४० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतचे इलेक्ट्रॉन उधळते. ती मोडली हे कळतं कशावरून? पलीकडे निघालेल्या प्रकाशावरून. लहर शाबूत असते तेव्हा त्या प्रकाशात रामन विखुरण्याच्या सुबक, वेगवेगळ्या रेषा दिसतात. ती मोडली की रेषा पसरट होऊन एकमेकींत मिसळतात. या प्रयोगाच्या निबंधावरच्या नावांत दोन लक्षात ठेवा: चॅन जोशी आणि व्हिक्टर माल्का. दोघांनीही मोडलेली लहर ओळखली आहे, पाहिली नाही. दोघेही तुम्हाला पुढे पुन्हा भेटणार आहेत.

कुलाबा, २०१२

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या प्रयोगशाळेत तुम्ही डोकावता. इथे लेझर घन पृष्ठभागावर आदळतो आणि क्षणभर मेगागॉसच्या मापाची चुंबकीय क्षेत्रं उठतात. पृथ्वीचं क्षेत्र साधारण अर्धा गॉस, यावरून अंदाज बांधा. ती मोजायला दुसरा, मंद प्रकाशस्पंद पाठवतात. चुंबकीय क्षेत्रातून जाताना त्याचं ध्रुवण बदलतं, त्यावरून क्षेत्राचा नकाशा. याच वर्षी अहमदाबादजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या प्रेधिमन काव आणि अमिता दास यांच्यासह या गटानं दाखवलंय की त्या नकाशात खळखळत्या प्रवाहासारखा विस्कळीतपणा आहे.

प्रकाशाचा पुरावा उत्तम आहे, पण तो दाट प्लाझ्मात बोलका होतो. कण पळवण्यासाठीचा प्लाझ्मा बराच विरळ असतो, तिथे प्रकाशावर फारसा ठसा उमटत नाही. शिवाय प्रकाश मुख्यतः इलेक्ट्रॉन कुठे दाटले हे सांगतो. ते कुणाला किती जोरानं ढकलतील, हे मागाहून गणितानं काढावं लागतं. ढकलणं सांगायला ढकलला जाणाराच हवा.

लहरीच्या आत, २०१७

आता तुम्हाला खूप लहान व्हायचंय. बीजिंगच्या त्सिंग्ह्वा विद्यापीठातल्या वेई लू यांचा गट आणि लॉस एंजेलिसचे चॅन जोशी यांनी मिळून मांडलेल्या प्रयोगात तुम्ही झोतातला एक इलेक्ट्रॉन आहात.

तुमचा जन्म लक्षात घ्या. एकाच लेझर स्पंदाचे दोन वाटे केले गेले. एकानं वायूच्या एका फवाऱ्यात लहर उठवून तुम्हाला कित्येक कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा दिली. दुसऱ्यानं दुसऱ्या जागी, विरळ प्लाझ्मात, तपासायची लहर उठवली. म्हणजे आरोपी आणि साक्षीदार एकाच कुळातले. यात फायदा असा की तुमचा जथा मुळातच काही फेमटोसेकंदांचा आखूड आहे, आणि दोन्ही वाटे एका स्पंदाचे असल्यानं त्यांचं घड्याळ वेगळं मिळवावं लागत नाही.

तुम्ही लहरीला आडवे छेदता. एका पट्ट्यात डावीकडे हलकासा रेटा, तुमच्या शेजाऱ्याला उजवीकडे. ऊर्जा कमी असती तर तुम्ही भलतीकडे फेकले गेला असता आणि तुमची साक्ष कुणालाच लागली नसती. फार जास्त असती तर वाकलाच नसता. बाहेर पडल्यावर मोकळ्या अंतरात हे छोटे रेटे वाढत जातात. काही जण एकत्र येतात, काही पांगतात, आणि पडद्यावर उजळ-काळ्या पट्ट्या उमटतात. त्या पट्ट्यांतून क्षेत्र उलटं काढता येतं. विद्युत आणि चुंबकीय रेटा मात्र तुम्हाला एकत्रच जाणवला. कोणता किती, हे एका बाजूनं काढलेल्या एका चित्रातून सुटत नाही.

आणि इथे खरंखुरं कालयंत्र आहे. रेल्वेच्या रुळासारख्या छोट्या पट्टीवर बसवलेला एक आरसा. तो १५ मायक्रोमीटर मागे घेतला की प्रकाशाला जाऊन-येऊन ३० मायक्रोमीटर जास्त चालावं लागतं आणि तुम्ही लहरीपाशी १०० फेमटोसेकंद उशिरा पोचता. आणखी मागे घ्या, आणखी पुढचा क्षण. आरसा सरकवत सरकवत लहरीचं वय वाढताना पाहता येतं.

असं करताना एक विलक्षण दृश्य दिसतं. प्लाझ्माची घनता पुढे पुढे वाढत जाते त्या भागात लहरीचे पट्टे आधी लांबतात, आणि मग लहर उलट दिशेनं चालू लागते. हे कसं, ते असं समजा. बागेत एका ओळीत झोपाळे आहेत, पहिल्याचा दोर सर्वांत लांब, पुढे आखूड होत गेलेले. कुणीतरी ओळीच्या कडेनं धावत एकेकाला सारखा धक्का देत गेला. सुरुवातीला झोक्यांची लाट त्याच्या मागोमाग पुढे जाताना दिसते, कारण पुढच्यांना धक्का उशिरा मिळाला. पण आखूड दोराचे झोपाळे भराभर हलतात. ते उशीर भरून काढतात, क्षणभर शेजारी-शेजारी एका तालात येतात, नंतर पुढे निघून जातात. आता लाट उलटी येताना दिसते. एकही झोपाळा जागचा सुटलेला नाही. प्लाझ्मात घनता जास्त तिथे झोका जलद, म्हणून हेच घडतं. सिद्धांतानं सांगितलेली ही उलटी चाल इलेक्ट्रॉनांच्या झोतानं पडद्यावर दाखवली.

रेहोवोत, २०२२

इस्राएलच्या वाइझमन संस्थेत व्हिक्टर माल्का यांच्या गटानं हीच पद्धत अधिक उग्र लहरीवर लावली आहे. निबंधाचा विषय मोडलेल्या लहरीचं थेट दर्शन. सत्तावीस वर्षांपूर्वी ऑक्सफर्डशायरमध्ये रंगरेषांच्या पसरटपणावरून ओळखलेली घटना आता पट्ट्यांच्या चित्रात समोर आहे, आणि ते चित्र काढणारे इलेक्ट्रॉन अशाच दुसऱ्या लहरीनं पळवलेले आहेत. जे यंत्र अजून पुरतं आवरलेलं नाही, त्याचंच उत्पादन त्याच यंत्राच्या तपासणीला कामी आलंय.

नागपूर, आज

शेवटचा थांबा शहरातल्या एखाद्या कर्करोग रुग्णालयातला, किरणोपचाराच्या जाड भिंतींच्या खोलीतला. तिथलं यंत्र साधारण ६ ते १८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत इलेक्ट्रॉन पळवतं. बर्कलीत २००६ साली प्लाझ्मा लहरीनं ३.३ सेंटीमीटरमध्ये १ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट गाठले. शरीरात खोलवर पोचतील अशा अतिऊर्जावान इलेक्ट्रॉनांनी उपचार करता येतील का, यावर जगभर संशोधन सुरू आहे, आणि एवढ्या ऊर्जेचं यंत्र रुग्णालयाच्या खोलीत मावायचं तर प्लाझ्माकडे आशेनं पाहावंच लागतं.

मग अडलंय कुठे? तंत्रज्ञाला विचारलंत तर तो सकाळचं पहिलं काम दाखवेल: रुग्ण येण्याआधी यंत्राची मात्रा तपासणं. कालच्याइतकीच आज, आजच्याइतकीच उद्या, आठवडेच्या आठवडे. प्लाझ्मा लहरीला हीच सवय अजून पुरती लागलेली नाही. लेझर जरा हलला, वायूची घनता किंचित बदलली, की पुढचा झोत वेगळा. आणि तुम्ही ज्या कालयंत्रात बसून आलात, त्याचीही मेख इथेच आहे. आरसा सरकवून काढलेलं प्रत्येक चित्र नव्या स्पंदाचं, नव्या लहरीचं असतं. लहरीचं वय वाढताना पाहिलं असं आपण म्हणतो, तेव्हा एकीचं बालपण, दुसरीचं तारुण्य आणि तिसरीचा अंत सलग मांडलेला असतो. त्या सगळ्या जुळ्या असतील तरच चित्रपट खरा.

म्हणून इलेक्ट्रॉनांच्या साक्षीचं मोल सुंदर पट्ट्यांपुरतं नाही. एकाच क्षणाची, लागोपाठच्या स्पंदांवर काढलेली चित्रं शेजारी ठेवली की लहरी कितपत सारख्या आहेत आणि बिघाड कुठे शिरतो, स्पंदात, घनतेच्या चढावर की मोडण्याच्या जागी, हे कळू लागतं. पळालेल्या झोताची ऊर्जा मोजून एवढंच कळत होतं की आज काहीतरी वेगळं झालं. आता कुठे वेगळं झालं, ते दाखवता येतं, आणि दुरुस्तीची सुरुवात तिथूनच होते.